चार बोटे खाली कोणी बघेल का?

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. खुरप्यांना डोके नसते, नाहीतर माझे केव्हाच फिरले असते. तीस वर्षे मी मातीत आत-बाहेर करते आहे. जमिनीत किती ओल आहे हे मला जेवढे कळते तेवढे या घरातल्या कोणालाच कळत नाही. पण मला विचारतो कोण? आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सगळे सांगते. मध्येच कोणी उठू नका.

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या तुकड्यापासून एका लोहाराने मला घडवले. तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले, पुन्हा ठोकले. त्या वेळी मला त्याचा फार राग आला होता. पण शेवटी त्याने माझे पाते अंगठ्यावर घासून पाहिले आणि गिऱ्हाईक बाईंना म्हणाला, "बाई, ही वाकली तर परत आणून द्या. पण वाकायची नाही." मी अजून वाकलेली नाही.

त्या बाई एका इस्पितळाच्या बागेत माळीण होत्या. माझी खरी नोकरी त्यांच्याकडेच झाली. बाईंची एक सवय होती. पाण्याची नळी हातात घेण्याआधी त्या मला वाफ्यात चार बोटे खुपसायच्या, बाहेर काढून पात्याला चिकटलेली माती बोटांत चुरायच्या, आणि मगच ठरवायच्या. माती ओलसर लागली की नळी गुंडाळून ठेवायच्या. साहेब लोक त्यांना आळशी म्हणायचे. त्यांची बाग मात्र उन्हाळ्यातही हिरवी असायची, आणि साहेबांच्या बंगल्यातली करपायची. बाई मला पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायच्या. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घड्याळजींच्या हातात दिले. घड्याळजी म्हणजे आमचे आताचे मालक. चाळीस वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली. मग हात थरथरू लागला, बारीक स्क्रू निसटू लागले, आणि त्यांनी दुकान बंद केले. बाईंचे गजराचे घड्याळ त्यांनी फुकट दुरुस्त करून दिले होते, त्याची ही परतफेड. बाई म्हणाल्या, "पाणी घालायच्या आधी ही मातीत खुपसून बघत जा हं, दादा." घड्याळजी "हो हो" म्हणाले आणि त्यांनी मला मागच्या दाराच्या खिळ्याला अडकवून टाकले.

तिथून मी सगळे बघत होते.

घरामागे वीस पावले लांब आणि दहा पावले रुंद अशी जागा आहे. दुपारचे ऊन तिथे थेट येते. रोपवाटिकेत जाताना माणसाने आधी आपली जागा आठवावी की नाही? घड्याळजींनी तिथे जे फुललेले दिसले ते उचलले. रुंद, पातळ पानांची कर्दळ आणली. सावलीत, झऱ्याकाठी राहणारे नेचे आणले. मधोमध हिरवळ अंथरली. रोपवाटिकावाला म्हणाला, "घेऊन जा काका, सगळं जगतं." त्याचे काय जाते? मित्रांनो, झाडाचे पान बघा म्हणजे त्याची तहान कळते. मोठे आणि पातळ पान पाणी भराभर उडवते. जाड, गरदार पान पाणी साठवते. बारीक पान, लव असलेले पान, राखाडी झाक असलेले पान, ही सगळी काटकसरी घरची लेकरे. भिंतीपाशी आधीपासून एक बोगनवेल आणि एक डाळिंब होते. ते बिचारे काही मागत नसत, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघतही नसे.

पण झाडांची निवड हा तर निम्माच घोळ. खरी गंमत पाणी घालण्याची होती. घड्याळजी पाणी घड्याळ बघून घालायचे! सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. प्रत्येक झाडाला दोन मग. आभाळ भरून आलेले असो, आदल्या रात्री पाऊस झालेला असो, सातचे ठोके पडले की पाण्याचा मग बुडालाच बादलीत. कर्दळीला दोन मग, कुंडीतल्या कोरफडीलाही दोन मग. कोरफड बुडाशी कुजून आडवी झाली, तेव्हा घड्याळजी हळहळले, "उन्हानं गेली बिचारी." आणि शेजारच्या कुंडीला त्यांनी तिसरा मग घातला.

जमिनीवरच्या झाडांची तऱ्हा उलटी. दोन मग पाणी वरची बोटभर माती भिजवते, तिचा चिखल करते आणि दुपारपर्यंत उडून जाते. खाली मुळे तहानलेलीच. मग मुळे पाण्याच्या आशेने वर येतात आणि उन्हात भाजतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा भरपूर आणि सावकाश पाणी द्या, मुळे आपोआप खाली उतरतील. हे बाईंना माहीत होते, मला माहीत होते. घड्याळजींना माहीत होते फक्त सात आणि पाच.

आणि मग व्हायचे तेच झाले. एका सकाळी त्याच चिखलावरून घड्याळजींचा पाय घसरला आणि ते भरलेल्या बादलीसकट पडले.

त्यांची लेक हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. मोडलेली खुब्याची हाडे ती रोज बघते. तिने वडिलांना उठवले आणि आधी दवाखान्यात नेले. कंबर शाबूत आहे हे कळल्यावर मात्र तिने तोंड उघडले.

"बाबा, बस झालं. इथं फरशी घालून टाकू."

"अगं, नुसता मुका मार आहे."

"या वेळी मुका मार. पुढच्या वेळी मी तुमचाच फोटो काढून डॉक्टरांना दाखवू का?"

मी हादरले. फरशी म्हणजे बाग संपली, आणि मी भंगारात. खरे सांगते, मला लेकीचा रागही आला आणि ती चुकीचे बोलत नाही हेही पटले.

गवंड्याला बोलावण्याआधी तिने एक उपाय करून पाहिला, तेवढे तिचे मन मऊ आहे. कुठेतरी चित्रात बघून तिने वाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि त्यावर पांढरे गोटे पसरले. आगीतून फुफाट्यात! गोटे दुपारी असे तापायचे की वरून जाणारे मांजर पाय झटकत पळायचे. कागदाखाली ना पाणी जाई, ना हवा. पंधरा दिवसांत हिरवळ पिवळी पडली आणि नेच्यांची राख झाली. लेकीने एका रविवारी कागद आणि गोटे सगळे ओढून काढले आणि गवंड्याला फोन लावला.

गवंडी आला. फरशीखाली किती खणावे लागेल ते बघायला त्याला काहीतरी टोकदार हवे होते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मला खिळ्यावरून काढले. किती वर्षांनी कोणाचा तरी हात मला लागला!

त्याने मला हिरवळीच्या वाफ्यात खुपसले. बोटभर आत गेले आणि खट्कन अडले. खाली माती विटेसारखी.

"काका, इथं पाणी घालता की नुसतं दाखवता?" गवंडी म्हणाला.

"दिवसातून दोनदा घालतो!" घड्याळजी दुखावले.

मग तो मोजत मोजत बोगनवेलीखालच्या कोपऱ्यात गेला. अंगण झाडल्यावर वाळका पाला तिथे ढकलायची या घराची रीत. त्याने पाला बाजूला सारून मला खुपसले, आणि मी मुठीपर्यंत आत गेले. थंड, काळी, भुसभुशीत माती. दोन गांडुळे अंग आखडून बाजूला झाली. तीस वर्षांच्या नोकरीत मला इतके बरे क्वचितच वाटले असेल.

"इथं पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही," लेक म्हणाली. "तो केराचा कोपरा आहे."

गवंडी उकिडवा बसला आणि हसायलाच लागला. "ताई, आम्ही स्लॅब टाकला की त्यावर ओलं गोणपाट अंथरतो. कशाला? ऊन पाणी उडवून नेतं म्हणून. उघड्यावर ठेवला तर स्लॅबसुद्धा तडकतो. मग या मातीनं काय पाप केलंय? तिला उघडी ठेवलीय, आणि सगळं पांघरूण नेऊन टाकलंय कोपऱ्यात."

स्वतःच्याच पोटावर पाय देणारा असा गवंडी मी पहिल्यांदाच पाहिला. लेकीने ती काळी माती मुठीत घेऊन दाबून पाहिली. मग तिने निकाल दिला. उन्हाळा संपेपर्यंत मुदत. पाणी आठवड्याला फक्त चार बादल्यांएवढे, तेही ती स्वतः नळीने घालणार. बाबांनी बादलीला हात लावायचा नाही. एवढ्यावर बाग तगली तर ठीक, नाहीतर फरशी.

मग कुठे शहाणपणाला सुरुवात झाली. हिरवळ काढली. तहानलेली कर्दळ तेवढी मोरीच्या पाण्यापाशी, भिंतीच्या सावलीत एकत्र नेली, म्हणजे एकीसाठी सगळ्यांना भिजवायला नको. उन्हात सदाफुली, कोरफड आणि गवती चहा लावला. आधी माती खोलवर भिजवली आणि मगच वर पाला पसरला, कारण कोरड्या मातीवर पांघरूण घातले तर कोरडेपणाच झाकला जातो. पाला कमी पडला तेव्हा शेजारच्या सुताराकडून साध्या लाकडाच्या ढलप्या आणल्या. रंग लावलेल्या आणि प्लायवूडच्या नाही, हे सुतारानेच बजावले. थर चार बोटांचा.

चार बोटांचा म्हटले ना? पण घड्याळजींना माया आवरते का! लेक कामावर गेल्यावर त्यांनी डाळिंबाच्या खोडाभोवती ढलप्यांचा गुडघाभर ढीग रचला. अति तिथे माती म्हणतात, इथे माती तरी बरी होती. झाडाचे खोड असे गाडायचे नसते, त्याला वारा लागतो. तीन आठवड्यांनी एक फांदी वाळली. लेकीने ढीग उपसला, तर खोडाची साल काळी, ओली आणि मुंग्यांनी भरलेली. तिने माझ्या टोकाने कुजलेली साल अलगद खरवडली आणि ढलप्या वीतभर लांब सारल्या. तिचा हात फार हलका आहे. "दुखणं बुडाशी होतं आणि आपण शेंड्याकडे बघत होतो," ती पुटपुटली. डाळिंबाची एक फांदी गेली, झाड वाचले.

उन्हाळा ऐन भरात असताना मोठी जलवाहिनी फुटली आणि नऊ दिवस नळाला थेंब नव्हता. गल्लीतल्या कुंड्या एकेक करून माना टाकू लागल्या. घड्याळजी खिडकीतून उठत नव्हते. दहाव्या दिवशी सकाळी लेकीने ढलप्या बाजूला केल्या आणि मला चार बोटे खाली खुपसले. बाहेर काढून पात्यावरची माती चुरली. ओलसर होती. तिने ती दोनदा चुरून पाहिली.

ठरल्याप्रमाणे उन्हाळा सरताना गवंडी आला. "ताई, फरशी कुठली आणू?"

"फरशी नको," लेक म्हणाली. "दारापासून डाळिंबापर्यंत एक पायवाट बांधून द्या. खडबडीत दगडाची, पाय न घसरणारी. बाकीची माती राहू दे."

मला नाचावेसे वाटले. मी घड्याळजींकडे पाहिले, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"म्हणजे आता पाणी आठवड्यातून एकदाच?" त्यांनी विचारले.

"हो बाबा. बाग तेवढ्यात खूश आहे."

"मग सकाळी सातला मी करू काय?"

मला, मित्रांनो, माझीच लाज वाटली. इतकी वर्षे मी त्या माणसाला मनातल्या मनात मूर्ख म्हणत होते. चाळीस वर्षे ज्याची दुकानात वाट पाहिली जायची, त्याची आता कोणीच वाट बघत नव्हते. म्हणून त्याने सातला एक आणि पाचला एक काम स्वतःसाठी तयार केले होते. सगळ्या जगाला चार बोटे खाली बघायला सांगणारी मी, त्याच्याकडे मात्र वरवरच बघत आले.

लेकीने मला त्यांच्या थरथरत्या हातात दिले. "सातला ही घेऊन बागेत फिरायचं. कुठं ओल आहे, कुठं नाही, ते बघून मला सांगायचं. नळी मी धरीन, पण तुम्ही सांगितल्याशिवाय पाणी घालणार नाही."

आता आम्ही दोघे रोज फिरतो. त्यांचा हात थरथरतो, म्हणून मी कधी तिरकी जाते, कधी त्याच जागी दोनदा जाते. पूर्वी असते तर मी चिडले असते.

तर मित्रांनो, झाड निवडताना आधी आपली जागा बघा. माती उघडी ठेवू नका, आणि खोड गाडू नका. पाणी घालण्याआधी माझ्यासारखी एखादी खुरपी मातीत खुपसून बघा. आणि घरातले एखादे म्हातारे माणूस उगाचच दोनदोनदा पाणी घालताना दिसले, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि चौकशी करा. मला ती करता आली नाही, कारण मला त्या अंगणात बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.