सातवा चेंडू

चौकोन एवढासा, नखाएवढा, आणि त्यात निळ्या पेननं कोंबलेल्या खुणा – एक, टिंब, एक, दोन, टिंब, टिंब, सहा – अभिराजनं बोट ठेवून मोजल्या, मग उलट्या बाजूनं मोजल्या, मग एक श्वास घेतला आणि परत... सात. वाइडची खूण नाही, नो-बॉलची नाही. सात धडधडीत चेंडू. एका ओव्हरमध्ये!

समोर जक्कूर चषकाची यंदाची फायनल चालू होती, कुणीतरी बोल्ड झालं, अख्खा मंडप ओरडला, आणि ह्यानं मान वर केली नाही. उत्तर बेंगळुरूच्या क्लबांची ही वीस ओव्हरची स्पर्धा – दोन हजार सहापासून, कोविडची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी – आणि तिचा इतिहास तो लिहीत होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. कोरमंगलात दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि येलहंक्याला परतताना बसमध्ये, फोनवर, अंगठ्यानं, एकेक सामना. सगळ्या फायनल झाल्या, एकच राहिली होती. दोन हजार अकरा. ते स्कोअरबुक क्षमाअक्कानं आज सकाळी पिशवीतून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. पहिल्या वर्षापासून स्कोअर लिहिणारी क्षमाअक्का. "घे. लिहितोयस तर नीट लिही."

अकरा सालची शेवटची ओव्हर बाबांची. समोरच्यांना जिंकायला सात रन हव्या होत्या, आणि शेवटच्या चेंडूवर कृष्णाजीअण्णानं सिक्स मारली. मी दहा वर्षांचा, दोरीजवळ बसलेलो, चेंडू माझ्या डोक्यावरून गेला... दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे, अरे तुझ्या बाबांनी दिली ना सिक्स? चौदा वर्षं. पण सहाव्या चेंडूवर टिंब होतं, शून्य रन! तिथं ओव्हर संपली असती तर दोन रननी आपण जिंकलेलो – बाबा जिंकलेले – त्याला हसूच यायला लागलं.

"अक्का, ह्यात सात आहेत!"

"मला मोजता येतं रे," क्षमाअक्का आजच्या पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"अंपायर खूण करणार, आम्ही हात वर करून लिहिणार. त्यानं विचारल्याशिवाय आम्ही त्याला शिकवायचं नसतं. आणि तो मोजायला चुकला तरी त्यानं मोजली तीच ओव्हर, नियमच आहे तसा. निकाल काही बदलत नाही, अभी." मग पेन थांबलं. "पण मी सात लिहिले. सहात बसवले नाहीत."

निकाल नको बदलू दे! वाचणाऱ्याला कळलं की झालं. सौम्याचा फोन – इंदिरानगरच्या प्रेसमधून, हा इतिहास छापणाऱ्या स्मरणिकेचं शेवटचं पान अडलेलं, संध्याकाळी बक्षीस समारंभात वाटायची होती – "अकरा वाजायच्या आत दे हं, नाहीतर अर्धं पान कोरं जाईल."

"स्वल्प थांब, सौम्या! असं काही देतो की–" आणि तो उठलाच, स्कोअरबुक छातीशी धरून, खुर्च्यांमधून, कुणाच्या तरी पायावर पाय देत. आधी बाबांना. छापायच्या आधी बाबांना.

बाबा पाण्याच्या टाकीच्या सावलीत होते, कृष्णाजीअण्णाशेजारी, आणि चार-पाच लोकांना तीच गोष्ट सांगत होते. तीच. लग्नात, बारशात, उगादीला, कुणी विचारो न विचारो... ती सुरू झाली की अभिराज उठून जायचा. आज जाता येईना.

"...आणि हा पठ्ठ्या काय करतो, स्टंप सोडून इकडं सरकतो! मी मनात स्वतःलाच म्हटलं, गुरुदत्ता, गेलास तू!"

"खोटं बोलू नको, गुरू. तू डोळे मिटलेलेस."

"मिटणार नाही तर काय! चेंडू येलहंका स्टेशनात उतरला!"

दरवर्षी चेंडू लांब जात होता. बाबांचे हात हवेत, गाल लाल, गळ्यातून हसू उसळत होतं – आणि अभिराजला वाटलं, हे तोंड हरलेल्या माणसाचं नाही. मग चौदा वर्षं हरलं कोण होतं?

"काय रे, भूत बघितल्यासारखा?" बाबा म्हणाले.

"बाबा... ती सिक्स. कितवा चेंडू होता?"

"सहावा! शेवटचा. विचार ह्याला."

कृष्णाजीअण्णा हसायचा थांबला. त्यानं अभिराजच्या छातीवरच्या पुस्तकाकडं बघितलं, मग अभिराजकडं. माहीत होतं त्याला. खेळताना माहीत होतं! आजारपणात बाबांना रोज दवाखान्यात नेणारा हा माणूस, घरात चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरणारा... ते सगळं त्या चेंडूपायी, का त्या चेंडूला न जुमानता? 

"सांग ना, कृष्णाजी!"

"तू सांगतोयस ना, गुरू," अण्णा हळूच म्हणाला. "तूच सांग."

खिशात फोन थरथरला. परत थरथरला. अभिराजनं पुस्तक मांडीखाली घेतलं आणि खाली, गवतात, बाबांच्या पायाशी बसला.

"सरी, बरं," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगा. मी कधी नीट ऐकलीच नाही."

बाबांनी बाह्या सरसावल्या. रनअप सुरू झाला, पहिला चेंडू, दुसरा – अभिराज मोजत होता, मोजल्याशिवाय राहवत नव्हतं – आणि मोजता मोजता त्याला कळेना, आता त्या बॅटवरून उडालेला चेंडू कुणीतरी झेलावा असं त्याला वाटतंय, की जावा, जावा, अजून लांब जावा असं.