माझ्या अंगावरची उभी घडी

वाचण्यासाठी जन्मलेल्या पुस्तकाला तापल्या लोखंडाखाली घालता आणि वर त्यालाच काळजी म्हणता! शोभतं का हे? एकदा तरी त्याला विचारलंत?

मी एक चित्रकथा बोलतेय. बत्तीस पानं, स्वस्त कागद, पाठीला दोन पिना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी बुलढाण्याच्या बसस्टँडवर मी दोरीला लटकत होते. सुलतानपूरच्या धम्मरत्न नावाच्या शाळकरी पोराने मला उतरवून घेतलं. गणिताच्या तासाला गुरुजी बाकाजवळ आले, की तो मला उभी दुमडून कमरेला खोचायचा. त्या घाईने, त्या घामाने माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत घडी पडली. माझ्यावर कुणाचं नाव नाही. तेवढी घडी आहे.

पुढे तोच गुरुजी झाला आणि मी ट्रंकेत गेले. वाळवीने शेजारच्या वह्या खाल्ल्या, मी वाचले. माणसं आम्हाला विसरतात तेव्हा आम्ही सुखरूप असतो. भ्यायचं ते त्यांना आमची आठवण आल्यावर!

धम्मरत्न गुरुजी लवकरच निवृत्त होतायत. त्यांना चकित करायचं म्हणून त्यांच्या मुलीने, आरोहीने, मला गुपचूप बाहेर काढलं. दूरच्या शहरात म्हणे आम्हाला भिंगाखाली तपासतात, दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. घडी दिसली की गुण कापतात. म्हणून आधी ती दाबून काढायची.

जाणकार लोक हलकी ऊब देतात, मोजकी ओल देतात, धीर धरतात. तरीही कधी कधी कागद दगा देतो. आणि मी तर टी-शर्टवर चित्रं छापणाऱ्या प्रज्वलच्या दुकानात येऊन पडलेय.

“घाबरू नको ताई, मोबाइलवर चार व्हिडिओ पाह्यले मी,” तो म्हणाला. “आधी त्या फाटक्या पुस्तकावर करून पाहू.”

आरोहीने माझ्यासोबत आणलेलं ते फाटकं पुस्तक ट्रंकेत वीस वर्षं माझ्या पाठीला पाठ लावून होतं. प्रज्वलने त्याच्यावर पाणी फवारलं, टी-शर्ट छापायच्या तापल्या यंत्राच्या पाटावर ठेवून झाकण दाबलं. चर्र झालं. झाकण उघडलं तेव्हा मुखपृष्ठाचा लाल रंग वर अंथरलेल्या कागदाला चिकटून निघाला होता. पिनांनी पानं चिरली होती, गंज पसरला होता. मी त्याला हाक मारली. त्याने ओ दिली नाही.

“अरे, हे काय केलं तू!” आरोही ओरडली.

“जराशी गरमी जास्त झाली. हिले कमी ठेवतो.”

जराशी! आम्हाला दुसरी संधी नसते, हे यांना कधी कळणार?

आता मी त्याच पाटावर आहे. पाठीतल्या पिना तापू लागल्यात. आरोही, मला वाचव गं! गुण नकोत मला. डबी नको. मला अशीच घरी ने.

झाकण खाली येऊ लागलं. एकाएकी आरोहीने माझ्यावर हात ठेवला.

“काऊन हात घातला? चटका बसन ना!” प्रज्वल दचकला.

शेजारच्या इस्त्रीवाल्या तानाबाई त्याचे शर्ट द्यायला दारात आल्या होत्या. त्यांनी वाकून मला न्याहाळलं.

“कोनाचं हाय हे?”

“बाबाचं. ही घडी काढायची होती,” आरोही पुटपुटली. हात काही तिने उचलला नाही.

“आमी तं कपडा त्याच्या डागावरून वळखतो, माय, कोनाचा हाय ते. ही घडी गेली तं तुह्या बापानं हे वळखाचं कशावरून?”