बेनिंगची बरी तिमाही

वर्नाने मशीनच्या लाल पत्र्यावर नारिंगी चिठ्ठी चिकटवली आणि लगेच सोलून काढली. चिठ्ठीवर 'निम्मी किंमत' असं लिहिलेलं होतं. पत्र्यावर डिंकाचा डाग राहिला. तो अंगठ्याने घासत ती तशीच उभी राहिली.

"लाव की," गल्ल्यामागून मायलो म्हणाला. "का आधी लॉवेलची परवानगी हवी? तीन हिवाळे तो त्या मशीनभोवती घिरट्या घालतोय. लोकांचे साखरपुडेसुद्धा एवढे लांबत नाहीत."

"त्याला बोलावलंय मी. येईलच."

"मशीनसाठी?"

"सल्ल्यासाठी."

मायलो नाकातल्या नाकात हसला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वर्नाचा हा नवरा उंच स्टुलावर बसूनच धंदा करायचा. खिळे, रंग, बिजागऱ्या, फावडी, मुरांब्यासाठीच्या रिकाम्या बरण्या आणि हे एक बर्फ फेकायचं मशीन. खाली टोलेफसन हार्डवेअर, वर दोन खोल्यांचं घर. दुकान गेलं तर घरही जाणार होतं, आणि ह्या वयात त्यांना दुसरं काही मिळणार नव्हतं.

उन्हाळ्यात खिडक्यांचा कारखाना बंद पडला. त्यानंतरच्या तिमाहीत बेनिंग काउंटीतली दुकानांची विक्री घसरली, आणि गंमत म्हणजे दुकानदारांनी त्यातच आशा धरली. कारण राज्याचा नियमच तसा होता. लागोपाठ दोन तिमाह्या विक्री आदल्या वर्षीपेक्षा घसरली, तर लहान दुकानांना वर्षभराची मदत. एक तिमाही घसरून झाली होती. डिसेंबरची घसरली की सुटलो, असं सगळे म्हणत होते. माणसं स्वतःच्याच पडण्याची वाट बघत बसली होती. मेलात तर औषध देऊ, अशातला हा नियम.

मधले दिवस काढायला वर्नाला रोकड हवी होती, म्हणून सेल. थकलेल्या बिलासाठी गॅस कंपनी जानेवारी संपेपर्यंत थांबायला तयार होती. प्रश्न एवढाच होता, की सेल नाताळाआधी लावायचा की नंतर.

लॉवेल ब्रँट आला तो पायपुसण्यावर बूट आपटत. काउंटीचा अर्थविकास अधिकारी. काउंटीची हालत कशी आहे हे दर तिमाहीला उभं राहून सांगायचं, हे त्याचं काम. शाळेत तो वर्नाच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तिच्या खांद्यावरून गणितं उतरवून घ्यायचा.

"मग? कसं काय?"

"ठीक. तक्रार नाही," वर्ना म्हणाली.

इथे सगळे हेच उत्तर देतात. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशीही गेटबाहेर माणसं एकमेकांना हेच सांगत होती.

लॉवेल बोलत बोलत मशीनपाशी गेला होता. त्याने दांड्यावर हात ठेवला.

"लॉवेल, सरळच विचारते. सेल आत्ता लावू का जानेवारीत? माझ्यामुळे तिमाहीच्या आकड्यात घोळ नको व्हायला. डार्लिसची बेकरीसुद्धा त्या मदतीवर टेकलीय. तू म्हणशील तर मी थांबते."

लॉवेलच्या अंगठ्याला पत्र्यावरचा डिंक लागला. त्याने तो नखाने खरवडला. मग वर्नाच्या हातातल्या नारिंगी चिठ्ठीकडे पाहिलं.

"ही ह्याची का?"

"हो. पण लावू कधी ते सांग."

"जानेवारीत लोकांच्या खिशात काय उरतं, वर्ना? आत्ताच लाव."

"आणि आकडा?"

"अगं, एका दुकानाने काउंटी हलते होय?" तो हसला. चांगलं, गोल, चर्चमध्ये हसतात तसं. "मी बसलोय ना बघायला."

वर्नाने चिठ्ठी परत पत्र्यावर दाबली. लॉवेलने तिथल्या तिथे चेक फाडला.

"पिनांचं पाकीट घेऊन जा," मायलो म्हणाला. "बर्फात दगड अडकला की पिन तुटते, म्हणून मशीन वाचतं. आणि ह्या जातीची पिन हायवेवरच्या दुकानात नाही मिळत, सांगून ठेवतो."

"लागली की नेईन रे. तुम्ही कुठे पळताय? इथेच तर आहात."

दुसऱ्या दिवशी काचेवर सेलचा कागद लागला आणि गाव लोटलं.

वर्षानुवर्षं ह्या दारासमोरून गाड्या हायवेकडे गेल्या. तिकडच्या गोदामाएवढ्या दुकानात दोन डॉलर वाचतात म्हणून चाळीस मैल जाणारी माणसं. आता ती सगळी आत उभी होती, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर मयताला आल्यासारखा भाव, आणि हातात जेवढं मावेल तेवढं सामान. पास्टरच्या बायकोने मुरांब्याच्या सगळ्या बरण्या उचलल्या. "किती वाईट वाटतं गं बघून," ती म्हणाली, आणि एका बरणीच्या झाकणावर ओरखडा होता तो दाखवला. कारखान्यातून कमी केलेला एक फोरमन रंगाचे डबे नेताना म्हणाला, "दुकान टिकलं पाहिजे हं तुमचं. गावाची शान आहे." मग विचारलं, निम्म्याच्याही खाली काही होईल का.

मायलो स्टुलावरून म्हणाला, "शान वेगळी बांधून देऊ का, एकातच चालेल?"

फोरमन हसला. सगळे हसले. ह्या गावात कुणी कुणाला टाकून बोलत नाही. तशी गरजच पडत नाही.

नाताळ येईपर्यंत मांडण्या उघड्या पडल्या. डार्लिसही आली, पिठाचे हात ॲप्रनला पुसत, आणि एक फावडं घेऊन गेली. "मदत आली की आपण दोघी कुठेतरी जेवायला जाऊ," ती म्हणाली. "जिथे पाव मी भाजलेला नसेल अशा ठिकाणी."

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ल्युथरन चर्चच्या तळघरात तिमाहीचे आकडे सांगायची न्याहारी होती. लांब टेबलं, कागदी रुमाल, अंडी आणि सॉसेजचा ट्रेमध्ये भाजलेला थर, तळ दिसेल इतकी पातळ कॉफी. लॉवेल उभा राहिला. त्याने नवा स्वेटर घातला होता.

"आनंदाची बातमी आहे," तो म्हणाला. "मागच्या वर्षीच्या डिसेंबर तिमाहीपेक्षा काउंटीतली दुकानांची विक्री वाढली. अर्ध्या टक्क्याने का होईना, पण वाढली. बेनिंग सावरतंय."

टाळ्या पडल्या. आधी बँकेच्या टेबलावरून, मग सवयीने सगळीकडून. वर्नानेही दोनदा हात एकमेकांवर मारले आणि मग तिचे हात तसेच जुळलेले राहिले.

"म्हणजे मदत?" डार्लिसने विचारलं.

"ती नियमात बसत नाही आता. घसरण सलग हवी." लॉवेलने मान एका बाजूला कलती केली. "पण आपण मदतीवर जगणारी माणसं नाही, हेच ह्यातून दिसतं. नाही का?"

त्यावरही कुणीतरी टाळी वाजवली.

डार्लिस बराच वेळ ताटलीतलं अंडं काट्याने बारीक करत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "अर्धा टक्का. तुझा सेल तेवढा होता, वर्ना. तीन आठवडे थांबली असतीस तर."

पास्टरच्या बायकोने पावाची टोपली उचलून वर्नापुढे केली. "घे ना. गरम आहेत." तिच्या आवाजात एवढी माया होती की वर्नाला घेणं भाग पडलं.

"मी ह्याला विचारलं होतं," वर्ना म्हणाली. "लॉवेल, मी तुला विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंस. हो."

"तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आकडे आलेले होते तुझ्याकडे."

"कच्चे होते." त्याने कॉफीत चमचा फिरवला. कॉफीत साखर नव्हती.

"कच्चे काय सांगत होते?"

"काठावर आहे, असं." चमचा थांबला. "काठावर म्हणजे काय, इकडेही जातं, तिकडेही जातं. हे असं मागे वळून बघणं बरं नाही, वर्ना. कुणाच्याच हिताचं नाही."

टेबलावरच्या माणसांनी माना हलवल्या. खरंच आहे, मागे बघू नये. कोपऱ्यात कुणीतरी बर्फाचा विषय काढला. शनिवारी फूटभर पडणार म्हणे. सगळ्यांना हायसं वाटलं.

घरी येताना डार्लिस वर्नाबरोबर आली नाही.

शनिवारी बर्फ पडला. दुकानाची काच आतून कागदाने झाकलेली होती. कुठला कागद, तर सेलचाच, उलटा करून. मदतीवाचून जागेचं भाडं झेपणार नव्हतं; महिनाअखेर ती खाली करायची होती. वर्ना गल्ल्यातले कप्पे रिकामे करत होती. मायलो स्टुलावर, मांडीवर खोका. विकलं न गेलेलं किडूकमिडूक तो त्यात टाकत होता.

बाहेर घरघर सुरू झाली. वर्नाने कागदाची कड बाजूला केली. लॉवेल लाल मशीन ढकलत येत होता. पांढरा फवारा रस्त्याच्या कडेला उडत होता. चार घरं पलीकडच्या स्वतःच्या दारापासून त्याने सुरुवात केली होती आणि आता तो त्यांच्या दुकानासमोरचा फूटपाथ साफ करत होता, फुकट, कुणी न सांगता.

"शेजारी असावा तर असा," मायलो म्हणाला.

मग खटकन आवाज झाला आणि घरघर पोकळ झाली. फवारा पडेनासा झाला. लॉवेलने इंजिन बंद केलं, वाकून पाहिलं, हातमोजा काढून आत चाचपलं. मग येऊन दारावर टकटक केली.

वर्नाने दार फटीएवढं उघडलं.

"पिन गेली," तो धापा टाकत म्हणाला. त्याच्या भुवयांवर बर्फ होता. "ती पाकिटातली. एखादी असेल ना गं? माझ्या गॅरेजसमोरचं अजून तसंच राहिलंय, आणि हा तर संध्याकाळपर्यंत पडणार."

मागे मायलोचा हात खोक्यात थांबला. पिनांची पाकिटं सगळी तशीच होती. सेलमध्ये ती एकानेही नेली नव्हती. त्या पिना लागतील असं मशीन काउंटीत एकच होतं.

"नाही," वर्ना म्हणाली. "सगळं गेलं."

"एक पण नाही?"

"विक्री चांगली झाली ना. तूच वाचून दाखवलंस."

लॉवेल तिच्या खांद्यावरून आत बघत होता, शाळेत बघायचा तसा. मायलोने खोक्यावर हळूच झाकण ठेवलं आणि त्यावर कोपर टेकलं.

"मग फावडं तरी?"

"फावडं डार्लिसकडे आहे. तिला विचार."

डार्लिसच्या बेकरीकडे त्याने पाहिलंही नाही. "बरं. काही हरकत नाही," तो म्हणाला. "बाकी कसं काय तुमचं?"

"ठीक," वर्ना म्हणाली. "तक्रार नाही."

लॉवेल पायऱ्या उतरला. निम्मा साफ झालेला फूटपाथ पुन्हा भरू लागला होता. मशीन त्याने दारासमोरच सोडलं, आणि ताज्या बर्फातून घराकडे वळताना, सवयीने, मागे बघून हात हलवला.

वर्नानेही हलवला.