बेल वाजली की

सकाळी सव्वासातला दाराची बेल वाजली आणि बबडी हातातला घास ताटलीत टाकून कपाटात जाऊन बसली. आली होती नुसती दूधवाली. दार लावून आईने हाक दिली, "गेले गं ते!" तेव्हा कुठे ती बाहेर आली आणि राहिलेला घास खाऊ लागली.

सतरा वर्षांची ही मुलगी मनाने सहा-सात वर्षांची. तिला दडवायचं असं घरात कुणी एका दिवसात ठरवलं नव्हतं. आधी पाहुण्यांसमोर नको, मग शेजाऱ्यांसमोर नको, असं करत करत अकरा वर्षं गेली. विशेष मुलांच्या शाळेत जायची तीसुद्धा मागच्या वाटेने. मोठ्या मुलीच्या लग्नाचं बघायला लागल्यापासून तर विचारूच नका! गेल्या रविवारी मुलाकडचे आले. चहा पिता पिता मुलाच्या आत्याने सहज विचारलं, "घरात कुणाला काही दोष वगैरे नाही ना?"

"छे हो! एकच मुलगी आम्हाला," वडील म्हणाले.

बबडी तेव्हा दोन तास कपाटात होती. पोरीने हूं की चूं केलं नाही. पाहुणे गेल्यावर घरातल्या शहाण्यांनी तिची पाठ थोपटली.

आज तिच्या शाळेची सहल नव्हती, भेट होती. मोठ्या मुलांना कामाची ठिकाणं दाखवावीत, पुढे कुठे हाताला काम मिळेल ते बघावं, असा शाळेचा विचार होता. दवाखान्यांच्या चादरी धुणारा कारखाना ठरला होता आणि प्रत्येक मुलासोबत घरचं एक माणूस हवं, ही शाळेच्या बाईंची अट होती. आई गेली. कारखान्याच्या दारातच सुपरवायझर समोर आल्या आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाची आत्या!

"अगंबाई, तुम्ही इथे कशा?"

"शेजारणीची मुलगी आहे ही... तिच्या आईला बरं नाही," आई बोलून गेली आणि तिने बबडीचा हात सोडला.

आत मुलांना घड्या घालायला दिल्या. बबडी एका कामगार बाईसमोर उभी राहिली आणि चादरीचं टोक टोकाला जुळवू लागली. "अगं, माझ्यापेक्षा हिची घडी सरळ! माझी नोकरी घालवतेस की काय?" ती बाई म्हणाली. बबडी खदखदून हसली. आईला हसू येईना. हिने आता 'आई' म्हणून हाक मारली तर? या धास्तीने ती लांब, खांबाआड जाऊन उभी राहिली.

दहा वाजता चहाच्या सुट्टीची बेल वाजली. यंत्रं थांबली, माणसं पांगली. आईने वळून पाहिलं, तर बबडी जागेवर नव्हती.

बेल वाजली, म्हणजे ती लपली. पण कुठे? आई चादरींच्या गाड्यांत डोकावली, टेबलांखाली वाकली. बाईंनी मुलं मोजली, एक कमी भरलं. "बबडी! ए बबडी!" बाई हाका मारत अंगणाकडे धावल्या. परक्यांसमोर ओ द्यायची नाही हे बबडीला पक्कं ठाऊक होतं. तिला बाहेर काढणारे शब्द एकट्या आईला माहीत होते आणि ते तिच्या तोंडातून फुटेनात. आत्या दहा पावलांवर चहा पीत होत्या. ओरडलं तर मोठीचं लग्न गेलं. न ओरडलं तर... पुढचा विचार करायची तिची छातीच झाली नाही.

भिंतीशी चादरी वाळवायचे माणसाएवढे चार ड्रायर होते. सुट्टीआधीच त्यांत ओल्या चादरी भरून ठेवल्या होत्या, दारं उघडीच होती. सुट्टी संपल्याची बेल झाली. ऑपरेटरने पहिल्याचं दार लावलं, बटण दाबलं. दुसऱ्याचं लावलं, दाबलं. दोन्ही घरघरू लागले. त्याने तिसऱ्याच्या दाराला हात घातला.

"थांबा! बंद करा! सगळं बंद करा! माझी मुलगी आहे आत कुठेतरी!"

पहिला ड्रायर थांबला. दुसरा थांबला. आतल्या चादरी खाली बसल्या. त्यांच्यात काहीच हललं नाही. आई जिवाच्या आकांताने ओरडली, "गेले गं ते! बबडे, सगळे गेले गं!"

तिसऱ्या ड्रायरमधला ढीग हलला. ओली, कुडकुडणारी बबडी रांगत तोंडाशी आली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"आई, मी आवाज नाही केला!"

आईने तिला ओढून पोटाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली. आत्या जवळ आल्या.

"रविवारी आम्ही आलो, तेव्हा ही कुठे होती?"

"कपाटात."

"किती वेळ?"

"तुम्ही होता तेवढा वेळ." आईने डोळे पुसले. "तुम्ही विचारलंत, आम्ही लपवलं. आता लग्न मोडायचं असेल तर खुशाल मोडा. मला मुली दोन आहेत."

आत्यांनी एक कोरडी चादर आणली आणि त्या खाली बसून बबडीचे केस पुसू लागल्या.

शाळेच्या बाई नेहमी सांगत, हिला काही शिकवायला फार धीर लागतो. शर्टाचं बटण लावायला ती दोन वर्षांत शिकली. दडून बसणं मात्र तिला चोख जमलं, कारण ते शिकवायला आख्खं घर रोज तिच्यामागे होतं. आणि स्थळ बघायला गेल्यावर "घरात कुणाला काही दोष नाही ना?" असं कधीकाळी सहज विचारलं असेल, तर वाचकहो, त्या शिकवणीतला एक तास तुम्हीआम्हीही घेतलेला आहे.