चुन्याखालची ओल

विम्याचा सर्व्हेअर वळणावर दिसला आणि झाम्फिरा घाईनं आत वळली. डॅन्यूब नदीचं पाणी घरात शिरून ओसरलं, तेव्हा मातीच्या भिंतीवर गाळाची रेघ उरली होती. सरकारी घरविम्यासाठी पुरावा तेवढाच. फोटो काढायला मोबाइलही नव्हता, तो पुरात गेलेला. आणि सकाळी ती पाव आणायला गेली, तेवढ्यात नणंदेनं, वेतानं, सगळ्या भिंतींना चुना फासला होता.

"ईस्टर तोंडावर आलाय वहिनी. सणाला घाणेरड्या भिंती?"

"आणि भिंतच पडली तर सण कुठे करणार?"

नवरा, जेलू, उलथनं घेऊन आला. "खरवडू का?"

"नको! म्हणेल, यांनीच उकरली."

सर्व्हेअर आत आला, चहूकडे बघून हसला. "पूर आला होता की लग्न होतं, बाई?"

"बसा ना साहेब. कॉफी टाकते."

"आणखी सहा घरं आहेत मला."

"ईस्टरच्या उपासाचे घेवडे तरी चाखा."

तो कुरकुरत बसला. झाम्फिरानं खिडक्या उघडल्या, शेगडीत लाकडं कोंबली. ओला चुना करडा दिसतो, वाळला की पांढरा होतो. भिंतीचा वरचा भाग कोरडा, खालचा अजून भिजलेला. म्हणजे वरचा चुना आधी वाळायला हवा. हवा, पण किती वेळात? ती वाढत होती, नजर मात्र भिंतीवर. छताजवळ जरा उजळलं? की उन्हाची तिरीप?

"बाई, ताटाबाहेर सांडतंय."

दोनदा ती लाकडांसाठी अंगणात जाऊन आली. त्यानं ताट सारलं, बॅग उचलली. "भिंतीला काहीच दिसत नाही. मी तसंच लिहिणार."

"वर बघा!" ती जवळजवळ ओरडलीच.

वरची भिंत पांढरी पडत होती. कमरेखालची तशीच करडी, आणि दोहोंमध्ये वाकडीतिकडी कड. सर्व्हेअरनं खाली बसून नखानं टोकरलं. माती लोण्यासारखी निघाली.

"अरेच्चा! पाया भिजलाय." त्यानं टेप कडेला लावला. "पाणी इथवर होतं ना?"

जेलूनं झटकन मान डोलावली. उंची जास्त, तर भरपाईही जास्त. झाम्फिराच्या जिभेवर 'हो' आलं होतं. पण मातीत ओल पाण्याच्या वर चढतेच. हा माणूस पुढच्या सहा घरांत पाण्याची खरी रेघ बघणार होता.

"वीतभर खाली," ती म्हणाली. "बाकीची नुसती ओल."

जेलूनं कपाळावर हात मारला. सर्व्हेअरनं टेप खाली सरकवला.

"भिंत पाडून बांधावी लागेल," तो लिहिता लिहिता म्हणाला. "आणि तोवर चुना लावू नका, बाई."

"ऐकलंस, वेता?" झाम्फिरा म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.