फोटोतून कापलेली ताई

“अहो, जरा नैसर्गिक दिसा की.”

माझ्या फोटोग्राफर साहेबांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या पायांवरचं पॉलिशही धड वाळलं नव्हतं. समोर कुलपं दुरुस्त करणारा एक म्हातारा बसला होता. फोटो काढायचा म्हणून बिचारा अंघोळ करून, भांग पाडून आला होता. साहेबांनी आधी त्याच्या गालांना काजळी फासली आणि मग त्याला नैसर्गिक दिसायला सांगितलं.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन उभा राहणारा, तीन पायांचा हमाल. एका सुताराने मला जुनवान लाकडातून घडवलं. रंधा मारताना तो गुणगुणायचा, स्क्रू पिळताना माझ्याशी बोलायचा. “तू हललास तर माणसाचा चेहरा पुसला जाईल, बरं का.” मी ते मनावर घेतलं. उभ्या आयुष्यात एकदाही हललो नाही. आता वाटतं, दोन-चारदा हलायला हवं होतं.

साहेबांचं काम म्हणजे कलावंतांचे आणि साध्यासुध्या माणसांचे फोटो काढणं. पुस्तकाचं नाव ‘माणसं, जशी आहेत तशी’. नाव वाचून मला अजून हसू येतं. एका मोच्याला त्याच्या बायकोने कडक इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं. साहेबांनी तो काढायला लावला आणि खुंटीवरचा कालचा मळका चढवायला लावला. बायको दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, “लोक म्हणतील, घरात कुणी धूतच नाही.” साहेबांना ते ऐकूच आलं नाही. त्यांचा एक डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, दुसरा मिटलेला. माणूस बघायला त्यांच्याकडे डोळा शिल्लकच नसायचा.

आणि तो कॅमेरा! माझ्या डोक्यावर बसून मिरवायचा. चिखलात पाय माझे, कौतुक त्याचं.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट दोन बहिणींची.

धाकटी नाटकात काम करायची. सगळे तिला ‘बाई’ म्हणत. मोठी त्याच नाटकात प्रॉम्प्टर. विंगेत, पडद्याआड, एका खुर्चीत संहिता मांडीवर घेऊन बसायची आणि कुणी अडलं की हळूच वाक्य पुरवायची. तिला सगळे ‘ताई’ म्हणत. बाई रंगमंचावर गेली की ताईचे ओठ हलू लागत, आई घास भरवताना स्वतःच तोंड उघडते ना, तसे.

साहेब त्यांच्या रंगपटात आले तेव्हा दुपार होती. बाई आरशापुढे बसून तिसऱ्या अंकातली वाक्यं म्हणत होती. ताई शेजारच्या ट्रंकेवर होती, दोरा बांधलेला चष्मा नाकावर.

“तुम्ही जरा बाजूला व्हाल का?” साहेब म्हणाले.

“मी बाजूलाच असते हो,” ताई म्हणाली. “आणखी सरकले तर रस्त्यावर जाईन.”

बाई खुदकन हसली. हसली आणि पुढचं वाक्य विसरली. तिने मान वळवून ताईकडे पाहिलं. विहिरीच्या तळातून वर बघावं तसं. ताईने श्वासाच्या आवाजात वाक्य पुरवलं, “दार उघडंच आहे, तूच आत येत नाहीस.” तेवढ्यात कॅमेऱ्याने डोळा मिचकावला.

पुढे डार्करूममध्ये तो फोटो उमटला. मी कोपऱ्यात टेकून उभा होतो. बाईची नजर होती, आणि कडेला ताईचा गुडघा, संहितेची पानं, पानावर ठेवलेलं बोट. “हा कचरा कशाला,” साहेब पुटपुटले आणि पट्टी सरकवून त्यांनी ताईला चौकटीबाहेर काढलं. दोन बोटं रुंदीचा कागद. एवढ्यात एक माणूस गेला.

फोटो गाजला. शहाण्यांनी लिहिलं, “ही नजर अनंताचा वेध घेते.” कुणी लिहिलं, “ही नजर विंगेकडे कधीच वळली नाही.” अनंताचा कसला वेध? ट्रंकेवर बसलेल्या बहिणीचा. पण शहाण्या माणसांना फोटोची कड तपासायची सवय नसते. आणि बाई? बाई ऐकून घेत राहिली. नाही म्हणाली नाही. मला साहेबांचा राग येई, पण तिची कीव येई, आणि कीव रागापेक्षा वाईट.

साहेबांनी पुढे नवा, हलका ट्रायपॉड घेतला आणि मला माळ्यावर टाकलं. परवा त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा झाडून पुसून आणून मला इथे उभं केलंय. भोवती दोरी, पुढे पाटी, ‘कृपया हात लावू नये’. लोक पाटी वाचतात आणि माझ्यावर छत्री अडकवतात.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. मला पुसू नका, पॉलिश करू नका. फक्त कुणाचं चित्र कापाल, तेव्हा कडेला कोण बसलंय ते आधी बघा. आम्ही उभे राहणारे आणि कडेला बसणारे, आम्हाला तेवढं पुरतं.

उद्घाटनाला नाटक कंपनीचे नवे व्यवस्थापक भाषणाला उभे राहिले. त्या फोटोकडे हात करून म्हणाले, “या नजरेला मानवंदना म्हणून आम्ही ठरवलंय, पुढच्या प्रयोगापासून विंगेतली प्रॉम्प्टरची खुर्ची काढून टाकायची. आमच्या बाईंना तिची गरज कधीच नव्हती.” टाळ्या पडल्या. साहेबांनी तर सर्वांत जोरात वाजवल्या.

ताई माझ्याच शेजारी उभी होती, हातात बाईची पर्स आणि शाल. सव्वीस वर्षं ती त्या खुर्चीत बसली होती. शेजारच्या मुलीने विचारलं, “ताई, आता तुम्ही काय करणार?”

“बरंच झालं की,” ताई म्हणाली. “गुडघे दुखतातच.” शालीची घडी तिने उलगडली आणि पुन्हा घातली. पुन्हा उलगडली.

मग बाईला दोन शब्द बोलायला सांगितलं. बाई उभी राहिली. तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. सभागृहात खोकले ऐकू येऊ लागले. माझ्या शेजारी ताईचे ओठ हलू लागले, “सर्वांचे मनापासून आभार, म्हण...”

बाईने मान वळवून गर्दीतून तिच्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या फोटोत होती तीच नजर, पण यावेळी तिच्या टोकाला कोण आहे ते सगळ्यांना दिसत होतं.

“आभार नंतर,” बाई म्हणाली. “मी वाक्य विसरले होते. त्या फोटोत, कालच्या प्रयोगात, आत्ताही. मी अनंताकडे बिनंताकडे काही बघत नव्हते. ताईकडे बघत होते. ती खुर्ची उचललीत, तर मला एक वाक्य बोलता यायचं नाही.”