ताजा कावळा

नाजियाने मान वर केली आणि तिच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. मक्याच्या वावरात मधोमध काठी रोवलेली आणि काठीला उलटा टांगलेला कावळा, उन्हाने वाळून कडक झालेला. पंधरवड्यातला हा सहावा.

तेलगावच्या पलीकडच्या त्या वस्तीवर कावळे पटापट मरत होते. बर्ड फ्लू नव्हता, ते तपासून झालं होतं. जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नाजियाला संशय होता तो डासांतून पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूचा. पण हाच विषाणू तिला दोन वर्षांपूर्वी इथल्याच कावळ्यांच्या रक्तात सापडला होता आणि ते कावळे खुशाल कावकाव करत उडत होते. मग आताच का मरावेत? तिच्या मते ही त्याच विषाणूची दुसरी जात होती, पक्ष्याच्या अंगात बेसुमार वाढणारी. अशा पक्ष्याला चावलेला डास उद्या माणसाला चावला, तर एखाद्याच्या मेंदूपर्यंत ताप जायचा.

हे सिद्ध करायला कावळा ताजा हवा, मेल्यावर काही तासांत बर्फात ठेवलेला. उन्हात वाळवलेल्या सांगाड्यातून काय निघणार, कपाळ? प्रयोगशाळेतल्या साहेबांनी बजावलं होतं की शुक्रवारपर्यंत नमुना आला तर डासांवर फवारणी मागू, नाहीतर कपाशीवरच्या औषधाने विषबाधा, असं लिहून मोकळं होऊ. साहेबांना मोकळं व्हायची भारी हौस.

"त्रिंबककाका, मागच्या खेपेला हात जोडून सांगितलं होतं ना, टांगू नका म्हणून?"

"सांगितलतं की," वावराचा मालक त्रिंबक शांतपणे म्हणाला. "पर एक टांगला की बाकीचे मक्याला शिवत न्हाईत. बापजाद्यापासून हेच करताव आमी. आन् तुमीच म्हनता, दोन वर्सांखालीबी हाच रोग व्हता. तवा कावून मेले न्हाईत?"

हा प्रश्न खरंतर साहेबांनी विचारायला हवा होता. नाजियाचा राग जरा निवळला.

"तुमचा ऊस कोणता?"

"दोनशे पासष्ट."

"आणि त्याच्या आधी?"

"शहाऐंशी बत्तीस."

"दोन्ही ऊसच. पण वाढ सारखी असते का?"

"छ्या. दोनशे पासष्ट लई फोफावतो."

"रोगाचंही तसंच आहे. नाव एक, जात दुसरी."

त्रिंबकने वावरात जाऊन ती काठीच उपटली. नाजियाने त्याला हातमोजे दिले आणि थर्माकोलचं खोकं दिलं. अंबाजोगाईत तिचे वडील कलीमभाई फळं विकायचे, त्यांच्याकडून ते मागून आणलेलं होतं. यापुढे पडेल तो कावळा थेट या खोक्यात आणि लगेच मला फोन, एवढं तिने तीनदा सांगितलं.

मंगळवारी फोन वाजला तो रिचार्जवाल्यांचा. बुधवारीही तोच. गुरुवारी तिला जेवण गेलं नाही. टांगला असणार मेल्यांनी, असं म्हणत शुक्रवारी सकाळी ती स्वतःच निघाली.

वस्तीवर एकही कावळा टांगलेला नव्हता. त्रिंबकने घरोघरी जाऊन बजावलं होतं, रोज तेलगावहून बर्फ आणला होता. खोकं ओसरीच्या सावलीत तयार होतं. आणि रिकामं.

"एकबी पडला न्हाई, म्याडम. चार दिस झाले," तो हसत म्हणाला. "औषिद न घेता रोग गेला म्हना."

नाजियाला क्षणभर हायसं वाटलं. तेवढ्यात त्याची बायको रुक्मिणीबाई भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि तिने तो कुडाच्या भिंतीवर ठेवला. कावळ्याला घास टाकल्याशिवाय ती जेवत नसे. भिंतीवर आधीचे तुकडे तसेच पडलेले होते, वाळून वाकडे झालेले.

"कुनी येईनाच, बाई," रुक्मिणीबाई म्हणाली. "मुंग्याच तेवढ्या लागल्यात."

नाजिया तशीच उठून ओढ्याकाठच्या चिंचेखाली गेली. इथे संध्याकाळी शेदोनशे कावळे उतरायचे, बोललेलं ऐकू यायचं नाही. खाली पांढरी विष्ठा वाळली होती आणि तिच्यावर ताजा ठिपका एकही नव्हता. येताना तिने मका पाहिला. राखण नव्हती, काठी नव्हती, तरी एका कणसाला टोच नव्हती. आधीचे कावळे उन्हात वाळवल्याबद्दल तिला त्रिंबकचा राग आला, त्याहून स्वतःचा आला. पहिल्याच आठवड्यात इथे मुक्काम ठोकून बसायला काय झालं होतं?

साहेबांचा फोन आला.

"नमुना मिळाला?"

"नाही, सर."

"नवीन मरतूक?"

"चार दिवसांत एकही नाही."

"मग झालं की. मरतूक थांबली, लिहा."

"सर, थांबली नाही. मरायला कावळाच उरला नाही इथे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे थांबलीच ना," साहेब म्हणाले. "तेच लिहा."